लो सोडियम मीठ आणा म्हणताय, पण कुणी आणू नये ते कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीतला मिठाचा लेख डोक्यातनं जाईना म्हणून लिहितीय. बीपीवाल्यांनी साधं मीठ बंद करून लो सोडियम मीठ आणावं, एवढं एका ओळीत छापून तुम्ही मोकळे झालात. त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घालतात, हा शब्द अख्ख्या लेखात कुठं नाही.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर, त्यानं पोटॅशियम अंगात साठतं; त्यात बीपीला टेल्मिसार्टन चालू, त्या गोळीनंही पोटॅशियम वाढू शकतं. मागच्या उन्हाळ्यात असाच कुणाचातरी सल्ला ऐकून मीच ते मीठ घरात आणलं. दीड महिन्यात मामांच्या पायातलं बळच गेलं, एक दिवस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मटकन खाली बसले. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.४, साडेपाचच्या वर गेलं तरी काळजी करतात. चार दिवस छातीला वायरी लावून दवाखान्यात. डॉक्टरांनी मला विचारलं, घरात मीठ कुठलं वापरता? घरी येऊन पुडा उलटा केला तर मागं मुंगीएवढ्या अक्षरात सूचना होती, मी वाचली नव्हती, ती चूक माझी. किडनी चांगली असणाऱ्याला या मिठाचा फायदा होतो हे मान्य आहे, पण किडनीचा त्रास असणारी माणसं काय तुमचा पेपर वाचत नाहीत?

आणि सैंधव खाल्लं तर चालतं हे कशाला लिहिलं? तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच.

कोल्हापूरच्या पेपरात चिप्स न् पिझ्झावर अर्धं पान, आणि चटणीवर एक अक्षर नाही! आमच्यात मीठ पोटात जातं ते चटणीतनं. डंकावर वर्षाची चटणी कुटून आणताना किलो मिरचीला पाव किलो मीठ आम्हीच घालतो, नाहीतर ती टिकत नाही, आणि मग रश्शाला दोन चमचे चटणी टाकून वर सवयीनं परत मीठ टाकतो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे एक चहाचा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो आमचा दुपारच्या जेवणातच संपत असणार. आता मी आधी चटणी घालून रस्सा उकळते, चव बघते, मगच मिठाला हात लावते, कणकेतलं मीठ बंदच केलंय. पहिले पंधरा दिवस सगळे अळणी अळणी म्हणून ओरडले, आता कुणी काही म्हणत नाही. पापड मात्र सुटत नाही, त्यात मीठ आहेच आणि पापडखारातही सोडियमच.

कृपा करून पुढच्या पुरवणीत चार ओळींची चौकट टाका, किडनीचा त्रास असेल किंवा असल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका म्हणून. आणि ती मोठ्या अक्षरात टाका, हल्ली पुरवणीचा टाईप फार बारीक केलाय. कालचा लेख मला मामांनीच वाचून दाखवला, भिंग लावून.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर