शनिवारची कामे आणि खेळाची बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता ठरलेली व्हिडिओ खेळाची बैठक नेहमीच्याच घरी होईल. मात्र मंडईतील भाजी, गिरणीतले दळण आणि इस्त्रीचे कपडे ही सारी कामे यजमानांना त्याच दिवशी उरकायची असल्याने ती आपसांत वाटून घ्यावीत. बुधवार पेठेत जाणाऱ्याने तेथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीतून एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र व आवाज पोहोचवणारी तार) आणावी आणि पावती जपून ठेवावी, कारण मागची केबल दुसऱ्याच दिवशी बंद पडली होती.

या बैठकीत खेळायचा, मार्च २०२५ मध्ये आलेला ‘स्प्लिट फिक्शन’ हा खेळ दोघांनी मिळूनच खेळावा लागतो, एकट्याने खेळण्याची सोयच त्यात नाही. त्यामुळे जोड्या शुक्रवारपर्यंत कळवाव्यात. बाहेरगावच्या सभासदांनी वेगळी प्रत विकत घेऊ नये. जोडीदाराकडे खेळ असल्यास मोफत ‘फ्रेंड्स पास’ (जोडीदारासाठीची आवृत्ती) डाउनलोड करून, एकाकडे प्लेस्टेशन व दुसऱ्याकडे संगणक असला तरीही, एकत्र खेळता येते. डाउनलोड आदल्या रात्रीच पूर्ण करावे (गेल्या वेळी आपण दीड तास नुसती टक्केवारी पाहत बसलो होतो). कथानक आधीच ठाऊक असलेल्यांनी कृपया मौन पाळावे.