सहलीची बस हलशीकडेही वळू द्या

मा. संपादक महोदय,

दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू झाल्या की सीमाभागातील बसगाड्या म्हैसूर, गोवा नाहीतर कोल्हापूरची वाट धरतात. त्याला माझा विरोध नाही. पण खानापूर तालुक्यातील मुलांनी हंपी पाहावी आणि कदंब राजांची राजधानी राहिलेली, तालुक्यातीलच हलशी मात्र पाहू नये, हे मला पटत नाही. तेथील भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. हे असे का, हा प्रश्न मुलांना पडला, तरी सहलीचे सार्थक झाले.

नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांची समाधी आहे. कित्तूरच्या लढाईत २३ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढे कित्तूरच्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असतानाच वारल्या आणि त्यांच्यासाठी लढणाऱ्या रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी देण्यात आली, हा सगळा क्रम कित्तूर, बैलहोंगल आणि नंदगड या तीन गावांत पायांनी चालत समजून घेता येतो. पुस्तकात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो.

गेल्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन मी अशाच एका जुन्या मंदिरात गेलो होतो. बाहेरच्या फलकावर वास्तूला इजा केल्यास होणाऱ्या दंडाची माहिती ठळक होती. मंदिर कोणी व कधी बांधले, याबद्दल अक्षरही नव्हते. शेवटी पुजाऱ्यांनीच सगळे समजावून सांगितले, तेही आरती थोडी लांबवून.

भीमगड अभयारण्याबाबतही हेच म्हणता येईल. म्हादई नदीचा उगम आणि गर्द रानातील जुना किल्ला एकाच टापूत आहेत. वनखात्याने गवाळी, तळेवाडीकडील जाणत्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार करून लहान गटांना ठरावीक वाटेने न्यावे. बारापेडे गुहांमधील दुर्मिळ वटवाघळांना मात्र आपल्या कुतूहलापासून दूरच ठेवलेले बरे.

मागणी मोठी नाही. या स्थळांवर कन्नड व मराठीत माहितीफलक लावावेत, आणि परिवहन मंडळाने निदान हिवाळ्यातील रविवारी खानापूर, नंदगड, हलशी व कित्तूर अशी एक बस सोडून पाहावी. पहिल्या फेरीचे तिकीट काढायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)