ब्रेकचे बोल्ट 'घट्ट आवळा' म्हणजे किती?

मा. संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाडीची कामं कशी करायची यावर लेख आला, छान होता, पण ब्रेक पॅड बदलायचं सगळं सांगून शेवटी नुसतं 'बोल्ट घट्ट आवळा' असं लिहिलंय ते वाचून राहवेना. घट्ट म्हणजे किती? खरं काम तर तिथेच आहे.

एकाच चाकामागे प्रत्येक बोल्ट आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, वेगळा असतो. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग; छोट्या गाड्यांमध्ये तो ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनचा बोल्ट साधारण २५-३० न्यूटन मीटरला (टॉर्क मोजायचं एकक) बसतो, कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट शंभरच्या आसपास, आणि ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा ब्लीडरचा बारकासा निपल जेमतेम ८-१०. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून तो त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. पण आपल्याकडे पान्याला पाईप लावून सगळे एकाच ताकदीने पिळतात, मग पिनच्या बोल्टचे आटे जातात नाहीतर निपल आतच मोडतो. आणि भीतीने सैल ठेवला तर बोल्ट हळूहळू निघतो, कॅलिपर सुटून रिमला घासतो, आणि हे चालत्या गाडीत होतं हो.

ब्रेक होजच्या, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीच्या, बोल्टचं तर कुणी बोलतच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात, होज खोलला की ते नवीनच घालायचे. एकदा दबलेला वॉशर परत नीट बसत नाही, ऑइल पाझरतं, मग माणूस अजून आवळतो, आणि हा बोल्ट आतून पोकळ असतो, तो तुटतो. वॉशर काही रुपयांचा असतो, तिथे काटकसर कशाला?

चाकाचे नट समोरासमोरचे आवळत जायचं, गाडी जॅकवरून उतरवून शेवटचा टॉर्क द्यायचा, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर परत तपासायचं. टायरवाले नट आवळायची गन लावून भर्रकन मारतात, कमीजास्त ताण बसतो आणि नंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. आट्यांना ऑइलही चोपडू नका, कंपनीने सांगितलं असेल तरच, कारण आकडा तोच दिसतो पण बोल्टवर ताण जास्त येतो.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत चाकाच्या नटचा आकडा बहुतेक वेळा सापडतो, कॅलिपरचा शोधून दमाल. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत, मग हे आकडे कंपन्यांनी मराठीत सरळ पुस्तिकेतच का छापू नयेत? तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आणि पुढच्या लेखात एवढं तरी घ्याच, की टॉर्क रेंचने, म्हणजे लावून ठेवलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या पान्याने, क्लिक केलं की थांबायचं, वरून अजून एक झटका द्यायचा नाही, आणि पॅड बदलल्यावर गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबून बघायचं.

आपला एक वाचक,
नाशिक