हाडांचे औषध घेण्याआधी हिरड्यांची तपासणी हवी

महोदय,

साठी ओलांडलेल्या बाईचे मनगट किंवा खुबा मोडला की घरात हाडांच्या ठिसूळपणाची चर्चा सुरू होते. तिचे दात हलू लागले, तर मात्र ‘वय झाले’ एवढ्यावर विषय मिटतो. 2011 च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण देशात 8.6 टक्के आणि गोव्यात 11.2 टक्के होते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे अधिक घरांत आहे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज भरून निघण्यापेक्षा वेगाने होऊ लागते. दातांना धरून ठेवणारे जबड्याचे हाडही त्याला अपवाद नाही, आणि हिरड्यांच्या कडेला साचलेल्या किटणामुळे तिथे कायम सूज राहिली, तर ते आणखी झिजते. ठिसूळ हाडांमुळेच हिरड्या बिघडतात असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. तरी तंबाखू दोन्हींना मारक आहे, याबद्दल दुमत नाही. (दात घट्ट राहतात म्हणून मशेरी लावणाऱ्या आजींना हे कोण पटवणार!)

आहाराचेही तेच. आमच्या शेजारच्या आजींनी कवळी सैल झाल्यापासून नाचणीची भाकरी सोडली, काट्यांच्या धास्तीने तारले सोडले, आणि आता दोन्ही वेळा उकड्या तांदळाची पेज व लोणच्याचा खार एवढेच त्यांच्या पोटात जाते. या वयात दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते ज्या पदार्थांतून मिळायचे, नेमके तेच ताटातून गेले.

पत्र लिहिण्याचे मुख्य कारण मात्र औषधांचे आहे. हाडांसाठी आठवड्याला घ्यायची गोळी, सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे औषध चालू असताना दात काढला, तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडे पडते. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या तुलनेत हा धोका फार कमी आहे, त्यामुळे घाबरून औषध परस्पर बंद करू नये; सहामाही इंजेक्शन मध्येच सोडले, तर मणके मोडण्याची भीती असते. काढण्याजोगे दात औषध सुरू होण्यापूर्वी काढून घेणे आणि हिरड्यांवर उपचार करून घेणे, एवढेच करायचे असते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना वर्षाचे औषध दिल्यावर महिन्याभरातच त्यांची दाढ काढली गेली. दंतवैद्यांनी औषधांची चौकशी केली नाही, आणि हे सांगायचे असते याची बाईंना कल्पना नव्हती. जखम भरली, हे त्यांचे नशीब.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि गोवा दंत महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. हाडांचे औषध लिहून देण्यापूर्वी रुग्णाला दंततपासणीची चिठ्ठी द्यावी, आणि दंतविभागाच्या केसपेपरवर ‘हाडांचे औषध चालू आहे का?’ हा प्रश्न छापावा, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे. जबड्याच्या पूर्ण एक्स-रेत खालच्या जबड्याची कड पातळ दिसली, तर दंतवैद्यांनीही त्या बाईला हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीसाठी पाठवावे. तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांनाही हीच पद्धत लागू करता येईल. त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली