मेणकागदाचा एक रोल घरात असूच द्या, पण तो बटर पेपर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पेपरात धान्य आणि मसाले कसे टिकवायचे ह्याच्या टिप्स येतात. कडुलिंबाचा पाला, लवंगा, हिंगाचा खडा सगळं असतं, पण मेणकागदाचं नाव कुणी काढत नाही. मी शिवाजी पेठेत राहते, घरातनंच चटणीच्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, माझं तर ह्या कागदाशिवाय पान हलत नाही. म्हटलं चार घरांना उपयोग होईल, लिहावंच. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी मेणकागद म्हणजे काय ते सांगते, कारण नव्या पोरींना बघूनसुद्धा माहीत नसतो. पातळ कागद, त्याला दोन्ही बाजूंनी मेणाचा थर, बहुतेक वेळा पॅराफिनचा. त्यामुळं पाणी लगेच आत जात नाही, तेल फुटून बाहेर येत नाही आणि पदार्थ चिकटत नाही. पूर्वी स्लाइस पाव असल्याच कागदात मिळायचा, माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. पुढं प्लॅस्टिक स्वस्त झालं आणि हा कागद घराघरातनं गेला. 2018 च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांची बंदी लागू झाली तेव्हा वाटलं आता तरी परत येईल, पण लोक वळले ते रद्दीकडं, त्याचं पुढं लिहिते.

आपल्या कोल्हापूरच्या घरात त्याचं पहिलं काम म्हणजे गूळ. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, कडा मऊ पडतात, मग पाझरायला लागतो आणि डब्याच्या तळाला काकवीसारखा रस साठतो. बहुतेक जण गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून तुकडे रद्दीत गुंडाळून डब्यात टाकतात, आणि ऑगस्टमध्ये काढायला गेलं की कागद गुळाला असा चिकटलेला असतो की चाकूनं खरवडावा लागतो, वर गुळावर उलटी अक्षरं उमटलेली दिसतात, ती शाई आपल्याच चहात जाते. त्यापेक्षा तुकडे कोरड्या हातानं मेणकागदात दुहेरी गुंडाळा, टोकं पिळून घ्या आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गूळ अजिबात ओलावणार नाही असं मी म्हणत नाही, गगनबावड्याकडनं पाऊस उतरला की आपल्याकडं भिंतीसुद्धा घामेजतात, पण फरक लई पडतो आणि कागद सालीसारखा अलगद सुटून येतो.

दुसरं काम चटणीचं. वर्षाची चटणी डंकावर कांडून आणली की ती आधी पूर्ण गार होऊ द्यायची, मग बरणीत दाबून भरायची, मधे हिंगाचे खडे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याच्यावर बरणीच्या तोंडापेक्षा थोडा मोठा मेणकागदाचा गोल कापून चटणीच्या अंगालाच दाबून बसवते, म्हणजे मधे हवा कमी राहते, आणि त्याच्यावर झाकण. चटणीतलं तेल वर आलं तरी कागदाला लागतं, झाकणाला नाही, आणि झाकणाच्या आत दव धरलं तरी थेंब चटणीवर न पडता कागदावर पडतो, पुसून टाकायचा. पत्र्याचं झाकण असेल तर हे कराच, कारण मीठ आणि मसाला पत्र्याला गंज धरवतो. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला आपण दादरा बांधतो, त्या फडक्याखाली एक मेणकागद घातला की फडकं तेलकट होत नाही आणि मुंग्यांचा त्रासही कमी होतो.

फराळाचं सांगायचं तर डब्यात लाडू, करंज्या, अनारसे थरावर थर लावताना प्रत्येक थरामधे कागद घालायचा, म्हणजे अनारशाचं तूप खालच्या करंजीला लागत नाही आणि पुण्याला पोरांकडं डबा जाईपर्यंत करंजीचा चुरा होत नाही. चकलीला तर फारच सोपं, कागदाचे तळहाताएवढे चौकोन कापून ठेवायचे, एकेका चौकोनावर चकली पाडायची, हातावर उलटी घ्यायची, कागद सोलायचा आणि चकली अलगद कढईत सोडायची. कागद तेलाजवळ न्यायचा नाही. पुरणपोळ्या उरल्या तर पूर्ण गार झाल्यावर मधे कागद घालून डब्यात, डबा फ्रीजमधे, एकमेकीला चिकटत नाहीत. खोबऱ्याच्या वड्यांचं मिश्रण कोमट झालं की वरून कागद ठेवून लाटणं फिरवा, वडी आरशासारखी गुळगुळीत येते. थालीपिठाला मात्र आपलं ओलं फडकंच बरं, तिथं तवा गरम असतो.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. मेणकागद आणि केकवाल्यांचा बटर पेपर ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपल्याकडं दुकानात दोन्ही एकाच नावानं विकतात. मी एका दुकानात बेकिंगचा कागद मागितला तर मेणकागदाचा रोल पुढं केला, सांगितलं तर म्हणाले वहिनी सगळं सेमच असतंय. सेम नसतंय. बेकिंगच्या बटर पेपरवर सिलिकॉनचा थर असतो, तो साधारण 220 अंशापर्यंत ओव्हनमधे चालतो. मेणकागदावरचं मेण 50 ते 65 अंशाच्या आसपासच वितळायला लागतं, तो ओव्हनमधे घातला तर मेण पदार्थात उतरतं, धूर होतो आणि उघडा राहिलेला कागद पेटूही शकतो. म्हणजे संक्रांतीच्या चिक्कीला मेणकागद वापरायचा नाही, पक्का पाक 140-150 अंशापर्यंत जातो, तो ओतला की मेण गेलंच चिक्कीत, तिथं तूप लावलेलं ताट नाहीतर पोळपाटच ठेवा. गरम चपात्या, गरम वडे ह्याच्यात बांधायचे नाहीत. आणि एप्रिल-मे मधे गच्चीवर सांडगे, कुरडया घालताना खाली हा कागद पसरायचा नाही, दुपारी गच्चीची फरशी इतकी तापते की मेण सुटणार, वाळवणाला सुती धोतर किंवा जुनी साडीच चांगली.

ओळखायचं कसं? कागदाच्या कडेला नखानं जोरात रेघ ओढा. मेणकागद असेल तर पांढरी रेघ उठते आणि नखात मेणाचा बारीक कीस येतो. सिलिकॉनवाल्याला रेघ उठली तरी नखात काही येत नाही. दुकानातच उभं राहून करा, कुणी काही म्हणत नाही. आणि पाकिटावर फूड ग्रेड लिहिलंय का ते बघूनच स्वयंपाकघरासाठी घ्या.

हे एवढ्यासाठी सांगते की आमच्या ह्यांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, तिथं बेअरिंग आणि मशिनचे पार्ट मेणचट कागदात गुंडाळून येतात, आत तेलाचा हात असतो, त्यामुळं पावसाळ्यातसुद्धा लोखंड गंजत नाही. दिसायला कागद अगदी आपल्यासारखाच, पण त्यातल्या काहींना गंज थांबवायचं केमिकल मारलेलं असतं. चांगला कागद आहे म्हणून घरी आणून त्यात खारी नाहीतर भाकरी बांधू नका, कामगार भावांनी तर अजिबात नको. ती युक्ती मात्र घ्यायची, घरातले विळे, खुरपी, कात्री, सुगीनंतर ठेवून द्यायचे कोयते, तेलाचं बोट फिरवून मेणकागदात गुंडाळून ठेवले की पुढच्या वर्षी घासत बसायला लागत नाही.

बाकी वापर बारीक बारीक आहेत पण रोजच्या उपयोगाचे. पेठेतल्या जुन्या घरातली सागवानी कपाटं, ड्रॉवर, खिडक्या पावसाळ्यात फुगून अडकतात, तिथं लाकडाच्या कडेला वापरलेला मेणकागद दाबून घासायचा, सरकायला लागतात. पोरांच्या दप्तराची, रेनकोटची चेन अडकली की दातांवर तोच घासायचा. इस्त्री कपड्याला ओढल्यासारखी होते तेव्हा ती कोमट असताना मेणकागदावरून दोनदा फिरवायची, मग एका जुन्या फडक्यावरून फिरवून उरलेलं मेण पुसून घ्यायचं आणि मगच कपड्याला लावायची, हे पुसणं विसरलं तर शर्टावर डाग पडतो. बेसिनचा स्टीलचा नळ धुऊन कोरडा केला की कागदानं घासा, पाण्याचे पांढरे डाग लवकर धरत नाहीत. तेल, मसाला बाटलीत भरायला कोन करून नरसाळं होतं. शाळेच्या प्रोजेक्टला पानं-फुलं दोन मेणकागदांच्या मधे ठेवून वर फडकं टाकून इस्त्री फिरवली की पक्की बसतात, इस्त्री मोठ्यांनीच धरायची.

आणि आता रद्दीचं. तुमच्याच पेपरचं म्हणून राग मानू नका, पण छापलेल्या कागदात खायचं बांधू नये, हे मला कळकळीनं सांगायचंय. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2016 मधेच तशी सूचना काढली होती, 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमात वर्तमानपत्रात अन्न बांधायला, ठेवायला मनाई केली आणि 2023 मधे परत एकदा बजावलं. शाईत शिसं आणि दुसरी घातक द्रव्यं असू शकतात आणि गरम तेलकट पदार्थाला ती लगेच लागतात. तरी आपण वड्यावरचं तेल टिपायला पहिला हात पेपरलाच घालतो. तेल टिपायला मेणकागद काही कामाचा नाही, तो तेल पितच नाही, त्याला साधा कोरा कागद नाहीतर जाळी घ्या, आणि गार झालेलं बांधून न्यायला मेणकागद. पेपरची रद्दी ओल्या चपलांत, बुटांत कोंबायला एक नंबर, आपल्या कोल्हापुरी चपलेला पावसाळ्यात बुरशी धरते तेव्हा तिला पेपरातच ठेवावं, मेणकागदात गुंडाळलं तर चामड्यातला ओलावा आतच कोंडतो.

हा कागद निसर्गाला सगळा चांगलाच आहे असंही कुणी समजू नये. पॅराफिन खनिज तेलातनं येतं, आणि मेण लागलेला कागद रद्दीवाला घेत नाही कारण त्याचा परत कागद करणं अवघड. म्हणून एकदा वापरून फेकू नका. गूळ, लाडू, वड्यांचा कागद ओल्या फडक्यानं पुसून वाळवला की परत चालतो, अगदीच फाटला की ड्रॉवरला घासायला, आणि शेवटी बंब पेटवायला. मटणाला, चिकनला लागलेला मात्र परत वापरायचा नाही. ज्यांना पॅराफिन नकोच त्यांनी मधमाशीचं मेण किसून सुती कापडावर पसरायचं, वरखाली कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवायची, ते मेण 62-64 अंशाला वितळून कापडात मुरतं. हे कापड गार पाण्यानं धुऊन खूप दिवस वापरता येतं, गरम पाणी लावायचं नाही. साधी मेणबत्ती घासून केलेला कागद खायच्या कामाला नको.

माझं दुकानदार मंडळींना एवढंच म्हणणं आहे की दोन कागद वेगळ्या खणात ठेवा, आणि घेणाऱ्या बाईला ओव्हनसाठी पाहिजे का डब्यासाठी हे विचारून मग द्या. आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत ही नखाची परीक्षा फोटोसकट छापली तर दिवाळीच्या आधी बऱ्याच घरांत पोचेल.

आपली,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर