बारीजवळच्या त्या दोघा दूधवाल्यांना

शनिवार-रविवार मैत्रिणीच्या माहेरी, भंडारदऱ्याला काढला. नाशिकहून घोटीमार्गे निघालो आणि बारीच्या अलीकडे भर पावसात चाक बसलं. चिखलात जॅक रुतत होता. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरचे दोघे न बोलावता थांबले. एकाने कडेचा सपाट दगड आणून जॅकखाली सरकवला, दुसऱ्याने स्टेपनी बसेपर्यंत आपली घोंगडी सासूबाईंच्या डोक्यावर धरली. ‘दूध नासंल’ म्हणत, चहालाही न थांबता निघून गेले. नाव विचारायचंच राहिलं.

पुढचे दोन दिवस फार सुखाचे गेले. विल्सन धरण १९२६चं, रतनगडावरून येणारी प्रवरा त्यात साठते. मैत्रिणीच्या आईने नागलीच्या भाकरी थापल्या, आम्ही ओसरीत बसून पाण्यावर उतरणारं धुकं पाहत राहिलो. सासूबाई इतक्या निवांत मला कित्येक महिन्यांत दिसल्या नव्हत्या.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या ओल्या पायऱ्यांवर त्यांचा हात धरून, दर्शन होईपर्यंत सोबत राहिलेल्या आजीबाई, तुमचेही मनापासून आभार. तुमच्या हातातल्या हिरव्या बांगड्या सासूबाईंना अजून आठवतात.

दूधवाले दादा, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर एवढंच सांगते: त्या दिवशीचं दूध नासलं नसेल अशी आशा आहे. नाशिकला आलात तर पंचवटीत आमच्याकडे जेवल्याशिवाय जायचं नाही. सासूबाईंनी बजावून सांगितलंय.