चौकटीएवढेच चित्र मागवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे मोबाइल ॲप रखडत चालते, यादी वर सरकवताना अडखळते किंवा मध्येच बंद पडते, तेव्हा आपण एकतर फोन जुना झाला म्हणतो किंवा नेटवर्कला दोष देतो. ॲप तयार करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे ठामपणे सांगावेसे वाटते की पुष्कळदा या दोघांचाही त्यात काही दोष नसतो. ॲपमध्ये दिसणारी बहुतेक छायाचित्रे ॲपसोबत फोनमध्ये आलेली नसतात, ती एखाद्या सर्व्हरवरील वेब पत्त्यावरून मागवली जातात. ती केवढी मागवायची, कधी मागवायची, आलेली जपून ठेवायची की टाकून द्यायची आणि आलीच नाहीत तर त्या जागी काय दाखवायचे, हे सगळे ॲप लिहिणाऱ्याच्या हाती असते. तिथे झालेल्या हयगयीची किंमत मात्र वापरणारा मोजतो, आपला मोबाइल डेटा, बॅटरी आणि वेळ खर्चून.

सर्वाधिक हयगय होते ती आकाराच्या बाबतीत. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले 4000 पिक्सेल रुंद आणि 3000 पिक्सेल उंच असे एक छायाचित्र घेऊ. जेपेग पद्धतीने दाबून साठवलेले असल्यामुळे त्याची फाइल तीन-चार मेगाबाइटची असू शकते आणि ती पाहून कोणालाच काही वावगे वाटत नाही. पण पडद्यावर दाखवण्यासाठी ही फाइल मेमरीत उलगडावी लागते आणि उलगडलेल्या प्रत्येक पिक्सेलला सामान्यतः 4 बाइट लागतात. एक कोटी वीस लाख पिक्सेल गुणिले 4, म्हणजे या एकाच छायाचित्राने सुमारे 48 मेगाबाइट मेमरी अडवली. आता ज्या चौकटीत ते दाखवायचे ती यादीतल्या नावाशेजारची 200 बाय 200 पिक्सेलची असेल, तर तिची खरी गरज 1 लाख 60 हजार बाइटांची, म्हणजे तीनशेपट कमी आहे. अशी दहा छायाचित्रे एका पडद्यावर आली की साधा फोन धापा टाकू लागतो. प्रत्येक ॲपला वापरता येणाऱ्या मेमरीला मर्यादा असल्यामुळे ती ओलांडताच ॲप बंद पडते आणि वापरणारा बिचारा नवा फोन घ्यायचा विचार करू लागतो.

यावरचा उपाय फार जुना आणि सर्वज्ञात आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये चित्र उलगडण्यापूर्वीच त्याची केवळ लांबी-रुंदी वाचून घेता येते आणि मग 'इनसॅम्पलसाइझ' या पर्यायाने ते दोन्ही बाजूंनी एक द्वितीयांश, एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश करून उलगडता येते. वरचे छायाचित्र एक अष्टमांशाने उलगडले तर 48 मेगाबाइटांच्या जागी पाऊण मेगाबाइट पुरतो आणि त्या छोट्या चौकटीत डोळ्यांना फरक जाणवत नाही. मात्र यातून केवळ मेमरी वाचते. तीन-चार मेगाबाइटची फाइल तोवर डाउनलोड होऊन गेलेली असते आणि डेटा खर्च झालेला असतो. म्हणून खरा बंदोबस्त सर्व्हरवरच व्हायला हवा. एकाच चित्राच्या तीन-चार आकारांच्या प्रती तयार असाव्यात, शक्य तिथे वेबपीसारख्या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात असाव्यात आणि ॲपने पत्त्यातच हवी ती रुंदी सांगून नेमकी तेवढीच प्रत मागवावी. सर्व्हर सांभाळणारे आणि ॲप लिहिणारे दोन वेगळ्या चमूंत असले की ही मागणी कोणी कोणाकडे करायची यातच महिने निघून जातात, असे मी वारंवार पाहतो.

दुसरा दोष यादी सरकवताना उघडा पडतो. लांबलचक यादीतल्या ओळी फोन नव्याने बनवत नाही. वर निघून गेलेली ओळच तो खाली नव्या मजकुरासाठी पुन्हा वापरतो. जुन्या ओळीसाठी मागवलेले चित्र उशिरा आले आणि ती मागणी रद्द केलेली नसेल, तर ते चित्र आता तिथे आलेल्या दुसऱ्याच नावाशेजारी जाऊन बसते. क्षणभर चुकीचे चित्र आणि मग बरोबर चित्र, असा जो लपंडाव कित्येक ॲपमध्ये दिसतो तो यामुळेच. याला किरकोळ दृश्यदोष म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. ओळीत औषधाचे नाव एक आणि छायाचित्र दुसऱ्याच औषधाचे दिसले, तर घाईत असलेल्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? ओळ पुन्हा वापरात येताच जुनी मागणी रद्द करणे आणि जुने चित्र पुसणे एवढीच यासाठी लागणारी दक्षता आहे.

ही सगळी कामे प्रत्येकाने मुळापासून लिहावीत असेही नाही. ॲन्ड्रॉइडसाठी ग्लाइड, पिकासो आणि कॉइल, आयफोनसाठी एसडीवेबइमेज आणि किंगफिशर अशी मोफत साधने उपलब्ध आहेत. ती मुख्य थ्रेड, म्हणजे पडदा रंगवणारा आणि स्पर्श टिपणारा ॲपमधला कामाचा मुख्य प्रवाह, मोकळा ठेवून चित्रे आणतात, मागण्या रद्द करतात आणि आणलेली चित्रे साठवूनही ठेवतात. ॲन्ड्रॉइडने तर 2011 मध्ये आलेल्या 3.0 या आवृत्तीपासून मुख्य थ्रेडवरून नेटवर्कची कामे करायलाच मनाई केली, कारण तो थ्रेड अडला की बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद मिळत नाही. पण साधन जोडले म्हणजे जबाबदारी संपली, असा समज घातक आहे. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात 'इमेज.नेटवर्क' अशी एक ओळ लिहिली की वेब पत्त्यावरचे चित्र दिसू लागते आणि विकासक पुढच्या कामाला लागतो. ते चित्र केवळ मेमरीत जपले जाते, फोनच्या साठवणीत नाही, हे त्याच्या गावीही नसते. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले की तीच चित्रे नव्याने डाउनलोड होतात.

वास्तविक जपून ठेवण्याची व्यवस्था वेबच्या नियमांतच आहे. चित्र किती काळ ताजे समजावे हे सर्व्हर उत्तरासोबत कळवू शकतो आणि मुदत संपल्यावर ॲपने विचारणा केली तर 'बदल नाही' अशा अर्थाचा 304 हा संकेत देऊन पूर्ण फाइल पुन्हा पाठवणे टाळू शकतो. चित्र बदलले तर त्याचा पत्ताही बदलावा, म्हणजे वापरणाऱ्याला महिनाभर जुनाच चेहरा दिसत राहण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

चित्र येईपर्यंत त्याची जागा आधीच राखून ठेवली पाहिजे, हेही आवर्जून नमूद करतो. तसे न केल्यास चित्र अवतरताच खालचा मजकूर एकदम सरकतो आणि 'रद्द करा' वर टेकवायला निघालेले बोट 'पुष्टी करा' वर पडते. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना कमी दिसते, त्यांना याचा त्रास सर्वाधिक होतो. चित्र आलेच नाही तर पांढरी पोकळी सोडण्याऐवजी तसे स्पष्ट लिहावे आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण द्यावे.

चित्र मागवणे म्हणजे समोरच्या सर्व्हरला आपला माग देणेही असते, याची जाणीव तर फारच थोड्यांना आहे. प्रत्येक मागणीसोबत आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, आणि वेळ तिथे पोहोचते. ईमेलमध्ये एका पिक्सेलचे न दिसणारे चित्र ठेवून पत्र केव्हा उघडले गेले हे टिपण्याची युक्ती यावरच आधारलेली आहे. म्हणूनच जीमेलने 2013 मध्ये ईमेलमधील चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणायला सुरुवात केली आणि ॲपलने 2021 मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये त्यापासून संरक्षण देणारी सोय आणली. जी ॲप वापरणाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेल्या कोणत्याही पत्त्यावरून चित्र उचलून दाखवतात, त्यांनीही हेच पथ्य पाळायला हवे. याच्याच जोडीला, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपी पत्त्यांवरून काहीही मागवणे आयफोनने 2015 मध्ये आयओएस 9 पासून आणि ॲन्ड्रॉइडने 2018 मध्ये नवव्या आवृत्तीपासून मूळ सेटिंगमध्येच बंद केले. असे असताना एखाद्या जुन्या सर्व्हरवरची चित्रे दिसेनात म्हणून सेटिंगमध्ये एक ओळ घालून ही बंदी सरसकट उठवणारे विकासक आजही आहेत. त्यांच्या सोयीसाठी वाटेतल्या कोणालाही चित्र पाहण्याची आणि बदलण्याची मुभा मिळते. मला हे अक्षम्य वाटते.

अखेरचा मुद्दा ज्यांना चित्र दिसतच नाही त्यांचा आहे. टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर ही साधने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात, पण चित्रासोबत वर्णन दिलेले नसेल तर त्या जागी काय आहे हे त्यांना खात्रीने सांगता येत नाही. सूचना, वेळापत्रके आणि तातडीची आवाहने केवळ चित्रस्वरूपात टाकण्याची पद्धत फोफावली आहे. नेटवर्क अशक्त असेल तेव्हा तीच सूचना डोळसांनाही मिळत नाही, मजकुराच्या दोन ओळी मात्र सहज पोहोचल्या असत्या. वर्णन लिहिण्याची जागा प्रत्येक व्यवस्थेत दिलेली आहे, ती भरण्याची सक्ती संस्थांनी स्वतःवर करून घ्यावी.

ज्या संस्था स्वतःसाठी ॲप करवून घेतात, त्यांना माझी विनंती आहे की काम ताब्यात घेण्यापूर्वी ते एखाद्या जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर आणि मुद्दाम मंद केलेल्या नेटवर्कवर चालवून पाहावे. ॲन्ड्रॉइड स्टुडिओ या ॲप लिहिण्याच्या साधनातील एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनमध्ये, नेटवर्कचा वेग कमी करण्याची सोय आधीच आहे, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. यादी शेवटपर्यंत सरकवावी, ॲप बंद करून पुन्हा उघडावे आणि दोन्ही वेळी किती डेटा खर्च झाला तो आकडा विकासकाकडून लेखी मागून घ्यावा.

आपला विश्वासू,
एक मोबाइल ॲप विकासक